गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या ट्रकचा क्लच काय सांगत असतो

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या चढावर कधी ना कधी रांगेत अडकायला होतं. गाडीची काच खाली केली की वास येतो. जळक्या केसांसारखा, नाकात बसणारा, पुढे तासभर न जाणारा. दोन वळणं पुढे एक जुना ट्रक उभा असतो, क्लीनर मागच्या चाकांना दगड लावत असतो आणि ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर बसून फोनवर मालकाला सांगत असतो, "शेठ, इंजिन चालू आहे, गिअर पडलाय, पण गाडी उचलत नाही." दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात: ट्रक बंद पडल्याने घाटात वाहतूक कोंडी.

त्या दोन ओळींच्या मागे काय घडलेलं असतं, ते समजून घ्यायला इंजिनिअर असावं लागत नाही. रांगेत अडकलेल्या माणसाला ते कळलं तर त्याचा राग थोडा कमी होईल. एकट्या गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाला कळलं तर त्याचे कित्येक हजार वाचतील. कारण या दुखण्यात पैसा जातो तो बिघाडापेक्षा चुकीच्या निदानात. गिअर पडत नाही म्हणून गिअरबॉक्स खाली उतरतो, खोलला जातो, आणि दोष निघतो पेडलजवळच्या पाच-सहा इंचांच्या सिलिंडरमध्ये.

क्लच कशाला लागतो?

डिझेल इंजिनची एक अडचण आहे. त्याला फिरत राहावंच लागतं. मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांच्या फार खाली गेलं की ते बंद पडतं. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. सतत फिरणारी एक वस्तू आणि जागेवर उभी असलेली दुसरी वस्तू एकदम जोडली तर दोनच गोष्टी होऊ शकतात: इंजिन बंद पडेल किंवा मधलं काहीतरी तुटेल. म्हणून मध्ये थोडा वेळ घसरू देणारी एक जोडणी ठेवली आहे. तोच क्लच.

पिठाच्या जुन्या गिरणीत पट्टा असायचा. मोटर आधी चालू व्हायची, मग पट्टा हळूहळू ताणला की जातं फिरू लागायचं. पट्टा सैल असला तर मोटर गरगरायची, जातं मात्र रेंगाळायचं, आणि पट्ट्याचा जळका वास सुटायचा. खंबाटकीतला वास त्याच जातीचा आहे.

ट्रकमध्ये पट्ट्याच्या जागी तीन चकत्या असतात. इंजिनला घट्ट बसवलेलं जड फ्लायव्हील ही एक. मधली क्लचप्लेट: जेवणाच्या ताटाएवढी, जुन्या १६ टनी गाड्यांत साधारण ३१० ते ३५२ मिलिमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंना घासून पकडणारं लायनिंग रिव्हेटनं बसवलेली. आणि तिला स्प्रिंगच्या जोरावर फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. क्लचप्लेटच्या मध्यभागी खाचा असतात, त्यांतून गिअरबॉक्सचा शाफ्ट जातो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची बोटं दाबतं, पकड सुटते आणि प्लेट मोकळी होते. गॅरेजमध्ये त्या बोटांना 'फिंगर'च म्हणतात.

म्हणजे पाय पेडलवर नसताना क्लच पकडलेला असतो, आणि पाय दाबला की सुटतो. हे उलटं वाटतं, पण पुढचं सगळं निदान यावरच उभं आहे.

गिअर म्हणजे रसवंतीची चाकं

उसाच्या रसाच्या गाड्यावर लोखंडी चाकं उघडी दिसतात. लहान चाक भराभर फिरतं, त्याला लागलेलं मोठं चाक सावकाश फिरतं, पण त्या सावकाश फिरण्यात कांडं चिरडायची ताकद असते. वेग द्या आणि ताकद घ्या, एवढाच तो व्यवहार.

टाटा १६१३ सारख्या गाडीचं नावच बोलकं आहे: १६ टन एकूण वजन, १३० हॉर्सपॉवर. एवढं वजन घाटात चढवायला इंजिनची ताकद थेट पुरत नाही. पहिल्या गिअरात इंजिनचे सात-आठ फेरे होतात तेव्हा गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट एकदा फिरतो. पुढे मागच्या ॲक्सलमध्ये क्राऊन-पिनियन. जुने मिस्त्री त्याला 'सहा-एकेचाळीस' किंवा 'सात-एकेचाळीस' म्हणतात, कारण पिनियनला सहा किंवा सात दात आणि क्राऊनला एकेचाळीस. म्हणजे आणखी सहा-सात पट. एकूण हिशेब केला तर पहिल्या गिअरात इंजिनच्या जवळपास पन्नास फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो.

गिअरबॉक्सच्या आत दात असलेली चाकं बहुतेक वेळ एकमेकांत अडकलेलीच असतात. आपण लिव्हर हलवतो तेव्हा एक सरकती कडी कुठलं चाक शाफ्टला जोडायचं ते ठरवते. जोडताना दोघांचा वेग सारखा हवा. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी एसटीच्या बरोबरीनं धावतो आणि मग दांडा पकडतो, तसं. हे बरोबरीनं धावण्याचं काम पितळी रिंगा करतात, त्यांना सिंक्रो म्हणतात. रिव्हर्सला आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच. तिथे ड्रायव्हरनं थांबायचं असतं, किंवा दोनदा क्लच मारून वेग स्वतः जुळवायचा असतो.

दोन दुखणी, एकमेकांच्या उलट

क्लचच्या तक्रारी पुष्कळ ऐकू येतात, पण मुळात त्या दोनच आहेत. एक तर तो नीट पकडत नाही, नाहीतर नीट सोडत नाही.

पकडत नसेल तर चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी तिथेच. आधी वरच्या गिअरला जाणवतं, मग खालच्यांना. लायनिंग संपलेलं असतं, स्प्रिंगा थकलेल्या असतात, प्लेटवर ऑइल आलेलं असतं, किंवा पेडलला मोकळी चालच उरलेली नसते. मोकळी चाल म्हणजे पाय ठेवल्यावर क्लचचं काम सुरू होण्याआधी पेडल जेवढं सहज खाली जातं तेवढं अंतर. जुन्या बहुतेक गाड्यांत हे पेडलवर साधारण इंचभर असतं. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघावा, कारण काही रचनांत मोकळी चाल ठेवायचीच नसते. लायनिंग झिजत जातं तशी ही चाल कमी होते. ती शून्यावर आली की रिलीज बेअरिंग कायम फिंगरला टेकलेलं राहतं. म्हणजे पेडलवर कुणीतरी सतत हलका पाय ठेवून बसल्यासारखंच.

याची चाचणी अशी. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड, गाडीसमोर माणूस नाही. इंजिन चालू करून वरचा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर पकड शाबूत आहे. ते तसंच गरगरत राहिलं तर प्लेट घसरते आहे, लगेच पेडल दाबा. ही चाचणी एकदाच करायची. खात्री करायला दहा वेळा केली तर उरलेली प्लेट चाचणीतच जळेल.

सोडत नसेल तर चित्र पार वेगळं. उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज, लिव्हर अडतो, आणि कधी पेडल पूर्ण दाबलेलं असताना गाडी पुढे सरकू लागते. प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नसल्यामुळे गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. धावत्या एसटीत चढायचं, आणि एसटी थांब्यावरही थांबत नाही, अशी गत.

गिअर पडत नाही, म्हणजे गिअरबॉक्सच ना?

इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. हात लिव्हरवर असतो, अडथळा लिव्हरला जाणवतो, आवाज गिअरबॉक्समधून येतो. म्हणून दोषही तिथेच असणार, असं मालकाला वाटतं, आणि काही मिस्त्र्यांनाही.

इंजिन बंद करा आणि एकेक करून सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना लिव्हर लोण्यासारखा चालतो आणि चालू केलं की अडतो? मग गिअरबॉक्सला हात लावू नका. क्लच सोडत नाहीये. इंजिन बंद असतानाही अडत असेल, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्या, त्यांचे बुश आणि सरकती कडी हलवणारे आतले फोर्क यांच्याकडे वळा. एखादा गिअर हलवून, गाडी इंचभर ढकलून पुन्हा बघायला लागेल, कारण उभ्या गाडीत दातासमोर दात आला तर चांगल्या गिअरबॉक्सलाही तो गिअर पटकन पडत नाही.

क्लच सोडत नाही असं ठरलं की पेडल दोन-तीन वेळा पटापट मारून पाहा. त्यानं सुधारलं तर पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या तेलाच्या पाइपमध्ये हवा शिरली आहे, किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधले रबरी कप दमले आहेत. हवा काढणे आणि किट बदलणे हे काही तासांचं काम. ज्या गाड्यांना हवेवर चालणारा क्लच बूस्टर आहे, त्यांत सकाळी हवेची टाकी भरायच्या आत पेडल जड लागतं आणि गिअर अडतो, हवा भरली की सुरळीत. दिवसभरच जड राहत असेल तर बूस्टर किंवा त्याची हवेची लाइन बघायची. हाच बूस्टर कधी अडकून पूर्ण मागे येत नाही, आणि तेव्हा तो वरचं उलटं दुखणं देतो: प्लेट घसरते.

हे सगळं बाहेरून ठीक असेल तरच आतली कारणं. प्लेट वाकलेली, शाफ्टच्या खाचांत गंज धरल्यामुळे प्लेट सरकत नाही, फिंगर खालीवर लागलेले, किंवा फ्लायव्हीलच्या मध्यातलं पायलट बेअरिंग धरलेलं. पावसाळ्यात दोन महिने उभी राहिलेली गाडी दिवाळीत काढली की गंजाचं दुखणं हमखास दिसतं.

आणखी एक फरक. सगळ्याच गिअरला कर्रर्र होत असेल तर क्लच. फक्त एकाच गिअरला, समजा तिसऱ्याला, होत असेल आणि बाकीचे गोड पडत असतील, तर तिसऱ्याचा सिंक्रो गेला. मग गिअरबॉक्स खोलावाच लागेल, पण निदान काय शोधायचं ते ठरलेलं असेल.

आवाज नेमका कधी येतो, ते बघा

जुना फिटर गाडीखाली जाण्याआधी केबिनमध्ये बसतो, एसी नसलेल्या त्या केबिनचा पंखासुद्धा बंद करतो आणि नुसतं पेडल खालीवर करतो. बाहेरच्या माणसाला वाटतं वेळ काढतोय. तो खरं तर एकेक भाग आळीपाळीनं थांबवत असतो.

न्यूट्रलमध्ये पेडल मोकळं असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते: गिअरबॉक्सचं बेअरिंग, पुढच्या शाफ्टचं किंवा खालच्या काउंटर शाफ्टचं. पेडलवर नुसता पाय टेकवला की चरचर सुरू होते: रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच किरकिर येते: पायलट बेअरिंग, कारण तेव्हा शाफ्ट थांबलेला असतो आणि फ्लायव्हील त्याच्याभोवती फिरत असतं.

चालत्या गाडीत एक फार सुंदर खूण आहे. जुन्या पाच गिअरच्या पेटीत टॉप गिअर थेट असतो, म्हणजे ताकद काउंटर शाफ्टमधून न जाता सरळ मागे जाते. खालच्या चारही गिअरांत रडणारा गिअरबॉक्स टॉपला एकदम शांत झाला, तर दुखणं काउंटर शाफ्टच्या बाजूला आहे. एकाच गिअरात आवाज असेल तर त्याच जोडीचे दात. आणि टॉपलाही आवाज तितकाच असेल तर गिअरबॉक्स सोडून मागे जा. मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस आणि क्राऊन-पिनियन कित्येकदा गिअरबॉक्सला उगाच शिव्या खायला लावतात.

चालता चालता गिअर सुटतो

हे दुखणं भीतीचं आहे, कारण ते उतारावर जास्त होतं. पाय उचलला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो आणि इंजिनची ओढ गेल्यामुळे गाडी मोकळी सुटते. ड्रायव्हर लिव्हरला रबरी ट्यूबचा तुकडा बांधतात किंवा गुडघ्यानं दाबून धरतात. कृपा करून यावर दिवस काढू नका.

कारणं बाहेरून आत शोधायची. लिव्हरच्या दांड्यांचे बुश झिजून गिअर अर्धाच बसतो का? इंजिन किंवा गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर फाटून सगळा सांगाडा हलतो का? मग वरच्या झाकणातली स्प्रिंग आणि गोळी, जी दांडी जागेवर धरते. ती कमजोर झाली तर काम स्वस्तात होतं. शेवटी आतले फोर्क, आणि सरकत्या कडीचे दात गोल झाले असतील तर. गोल झालेले दात स्प्रिंग बदलून भरून येत नाहीत.

तेल, आणि आमच्या घरची एक गोष्ट

आमच्या घरी जुनी दहा टायरची गाडी होती. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माल जायचा. एका पावसाळ्यात तिचा क्लच घसरायला लागला. प्लेट बदलली. तीन आठवड्यांत पुन्हा घसरली. गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सच्या पुढचं ऑइल सील बदललं, प्लेट पुन्हा बदलली. महिन्यात तिसऱ्यांदा तेच. वडिलांनी ड्रायव्हरवर, तात्यांवर, आवाज चढवला. तात्या काही बोलले नाहीत. ते गाडीवर चढले, गिअरबॉक्सच्या झाकणावर बोट फिरवून चिखलाची वाळलेली खपली काढली आणि आम्हाला दाखवली. त्या खपलीखाली ब्रीदर होता.

ब्रीदर म्हणजे गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ठेवलेलं करंगळीएवढं भोक. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापून फुगते. झाकणावरचं भोक चिखलानं बंद झालं की ती हवा जाईल कुठे? कुकरची शिट्टी बंद झाल्यासारखं आत दाब धरतो आणि तो दाब तेलाला सर्वांत कमकुवत जागेतून बाहेर ढकलतो. ती जागा म्हणजे पुढचं सील, आणि त्याच्यासमोर क्लचप्लेट. दोन नव्या प्लेटा आणि एक नवं सील त्या चिखलाखाली गेलं होतं. तात्यांनी तारेनं भोक मोकळं केलं. तिसरी प्लेट गाडी विकेपर्यंत टिकली.

म्हणून तेल बदलताना ते डब्यात नुसतं ओतून देऊ नका, एका पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात बघा. सोनेरी चकाकी असेल तर पितळ आहे, सिंक्रो झिजत आहेत. चुंबकाला बारीक काळी लव धरली तर वयाची झीज, काळजी नको. चिमटीत धरता येईल असा पोलादाचा कण निघाला तर दात किंवा बेअरिंग फुटलंय, गाडी पुढे नेऊ नका. दुधी चहासारखं तेल म्हणजे पाणी शिरलंय. तेल कमी भरणं वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त भरणंही तितकंच वाईट, तेही सीलमधून क्लचकडेच जातं. आणि क्राऊनचं तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. क्राऊनच्या जड दाबासाठी त्यात जी रसायनं घातलेली असतात, ती तापल्यावर पितळी सिंक्रो खाऊ शकतात. डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५, ते वाचा आणि गाडीच्या पुस्तकाशी जुळवा.

नवी प्लेट टाकून महिना झाला नाही, कंपनीचाच माल खराब?

कधीकधी असेलही. पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. फ्लायव्हील पाहिलं का? घसरलेल्या प्लेटनं ते तापून निळं-काळं पडतं, त्यावर केसासारख्या भेगा येतात. अशा पृष्ठभागावर नवी प्लेट म्हणजे खडबडीत तव्यावर पातळ घावन. ते खरडून सपाट करावं लागतं, भेगा खोल असतील तर बदलावं लागतं. प्रेशर प्लेट जुनीच ठेवली का? थकलेल्या स्प्रिंगा नव्या लायनिंगलाही धरू शकत नाहीत.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. गिअरबॉक्सचं वजन शंभर किलोच्या वर असतं. तो चढवताना शाफ्ट प्लेटच्या खाचांत शिरला, पण बोल्ट लागायच्या आत जॅक खाली आला किंवा पोरांचे हात थकले, तर ते सगळं वजन त्या पातळ प्लेटच्या मध्यावर लोंबकळतं. प्लेट वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण क्लच सोडणं बंद होतं. नवी कोरी प्लेट टाकून गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच दिवशी रिव्हर्सला कर्रर्र झालं, तर याची शंका घ्या.

जुनी प्लेट काढताना कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवणं हा सर्रास रिवाज आहे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा. तिथे काम करणारी मुलं सोळा-सतरा वर्षांचीही असतात.

दुसऱ्या गिअरला उचलली तर काय बिघडतं?

रिकाम्या गाडीला फारसं काही नाही. भरलेल्या गाडीला पुष्कळ. गाडी उभी असल्यापासून प्लेट पूर्ण धरेपर्यंत जी घसरण होते तिची उष्णता लायनिंगमध्येच जाते. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर धरलं, तर पहिल्या गिअरात गाडी ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास गेली की प्लेट धरते. दुसऱ्यात ती सातच्या आसपास जावी लागते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, या शाळेतल्या नियमानं दुसऱ्या गिअरात प्लेट साडेतीन पटीनं जास्त तापते. हे सपाट रस्त्याचं. चढावर गाडी मागे ओढत असते, त्याची भर वेगळी. घाटातल्या कोंडीत चार चार फुटांनी गाडी सरकवायची, मध्ये ब्रेकऐवजी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, धरून ठेवायची, आणि हे तासभर. खंबाटकीतला तो वास असा तयार होतो.

वजनाचा मुद्दाही इथलाच. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या गाडीला १६.२ टनांवरून १८.५, तीन ॲक्सलच्या गाडीला २५ वरून २८.५. त्यानंतर कित्येक मालकांनी जुन्या गाड्याही तशाच भरल्या. ती वाढ आधी नोंदवलेल्या गाड्यांना आपोआप लागू नव्हती, आणि क्लचप्लेटला तर राजपत्र वाचताच येत नाही. तिचं आकारमान १६ टनांच्या हिशेबानं ठरलेलं आहे.

उतारावर न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं ना?

नाही. ही समजूत मोडली पाहिजे, कारण ती माणसं मारते. गाडी गिअरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनला फिरवत असतात. जुन्या डिझेल पंपाचा गव्हर्नर अशा वेळी डिझेल बंद करतो. न्यूट्रल केलं की मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे ते डिझेल पितं. इंजिनच बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकला लागणारी हवा भरणं थांबतं आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याच कारणासाठी बदनाम आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकनं ओळीनं कितीतरी गाड्या चिरडत नेल्या. तिथे 'न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका' हे ड्रायव्हरना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

न्यूट्रल न करता खालच्या गिअरात नुसता क्लच दाबून गाडी सोडणारेही असतात. त्यांनी हा हिशेब करून पाहावा. ताशी ६० च्या वेगाला चाक मिनिटाला तीनशेच्या वर फिरतं. सहा-एकेचाळीसचा क्राऊन आणि दुसरा गिअर साधारण चारच्या प्रमाणाचा, म्हणजे क्लचप्लेट मिनिटाला साडेआठ हजारांच्या आसपास. हे इंजिन जेमतेम अडीच-तीन हजारांपर्यंत जाणारं. एवढ्या वेगात लायनिंगचे तुकडे उडतात. मग पेडल सोडलं तरी पकडायला काही शिल्लक नसतं, आणि खाली ब्रेक एकटे पडतात.

मग प्लेटचे पैसे कुणी भरायचे?

हा प्रश्न गॅरेजच्या दारात रोज निघतो. क्लच गेला की मालक म्हणतो ड्रायव्हरनं जाळला, आणि पगारातून कापतो. ड्रायव्हरकडे उत्तर नसतं. उत्तर जुन्या प्लेटकडे असतं, आणि ती तोवर भंगारात गेलेली असते. म्हणून प्लेट निघाली की दोघांनी मिळून ती बघावी.

लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलंय आणि रंग साधा आहे: तिचं आयुष्य संपलं, कुणाचा दोष नाही. ओली, काळी, तेलकट: सील किंवा ब्रीदर, दुरुस्तीचा प्रश्न. जळून काचेसारखी चकाकते आणि फ्लायव्हीलही निळं: खूप घसरली. ती हाफ क्लचमुळे की मोकळी चाल संपल्यामुळे, ते पेडलवर मोजा. आणि त्या फेरीची वजनपावती काढा. फिंगरची टोकं खड्डा पडल्यासारखी झिजलीत: पाय पेडलवर ठेवून चालवण्याची सवय, किंवा पुन्हा तीच संपलेली चाल. मधल्या स्प्रिंगा तुटल्यात: क्लच झटक्यानं सोडला गेलाय. लायनिंगचे तुकडे बाहेर फेकलेत: उतारावर क्लच दाबून सोडलेली गाडी.

आमच्या भागातल्या एका मालकानं मागच्या हंगामात ऊसवाहतुकीच्या गाडीचा क्लच गेला म्हणून ड्रायव्हरचे बारा हजार अडवले होते. गॅरेजच्या मागे पडलेली प्लेट पोरानं शोधून आणली. तिच्यावर बोट टेकवलं तर बोटाला तेल लागलं, आणि नाकाशी नेलं तर गिअर ऑइलचा गंधकासारखा वास. मालकानं ती हातात घेऊन उलटी-सुलटी केली, स्वतः गाडीखाली वाकून क्लचभोवतीच्या कवचाच्या, बेल हाउसिंगच्या, तळाचा ओघळ पाहिला, आणि खिशातून पाकीट काढलं.